२१ जून, उघडं मैदान आणि पाऊस: सामूहिक योगाभ्यासाला जाताना

दंडस्थिती (२ जून, रात्री ९:४०)

योगदिनासाठी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दरवर्षी तेच प्रश्न येतात. कुठली मॅट न्यायची, किती वाजता पोचायचं, गुडघे दुखत असतील तर जावं का. म्हणून या वेळी धागा आधीच काढतोय. घरच्या योगासनांवर इथे चर्चा नको. पाचशे-हजार लोकांत, मैदानावर, तेही पावसाच्या तोंडावर काय करायचं, एवढंच बोलू.

बहुतेक मैदानांवर आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम होतो. सगळे त्याला ‘प्रोटोकॉल’च म्हणतात. ‘संगच्छध्वं संवदध्वं’ ही प्रार्थना, मग मान, खांदे, कंबर आणि गुडघ्यांचं शिथिलीकरण. दंडस्थितीत (म्हणजे उभ्याने) ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन. बैठकस्थितीत भद्रासन, वज्रासन, उष्ट्रासन (किंवा अर्धउष्ट्रासन), शशकासन, उत्तान मंडूकासन, वक्रासन. पोटावर मकरासन, भुजंगासन, शलभासन. पाठीवर सेतुबंधासन, उत्तानपादासन, अर्धहलासन, पवनमुक्तासन, शवासन. त्यानंतर कपालभाती, नाडीशोधन, शीतली (थंडावा देणारा प्राणायाम), भ्रामरी, थोडं ध्यान, संकल्प आणि शांतिपाठ.

एवढं सगळं ४५ मिनिटांत बसवायचं, म्हणजे आसन घेणं, टिकवणं आणि सोडणं मिळून एकेकाला जेमतेम मिनिटभर मिळतं. त्यामुळे मैदानावर काही शिकता येईल ही अपेक्षा सोडा. आधीचा आठवडाभर रोज एकदा क्रम करून पाठ करून जा. आणखी एक कारण आहे: पोटावर झोपलात की मंच दिसत नाही. ज्यांना क्रम येत नाही ते नेमके भुजंगासनात मान वळवून शेजारी काय करतोय ते बघतात, आणि मान तिथेच धरते.

---

ताडपत्रीवाला (२ जून, रात्री १०:१५)

सगळा खेळ पायाखालच्या जमिनीचा आहे. आयोजक ताडपत्री अंथरतात आणि काम झालं असं समजतात. रात्री पाऊस पडला की तीच ताडपत्री सगळ्यात मोठी डोकेदुखी होते. वर पाणी, खाली मऊ माती. बाजारात मिळणारी ४ मिमीची साधी पीव्हीसी मॅट ओल्या ताडपत्रीवर सरळ सरकते. वृक्षासनात आणि त्रिकोणासनात तोल जातो तो यामुळे, पायात बळ नसल्यामुळे नव्हे.

यावर उपाय असा. एक जुना पंचा फक्त पुसण्यासाठी न्या. तुमच्यापुरती ताडपत्री आधी कोरडी करा, मग मॅट अंथरा. मॅटची खडबडीत बाजू खाली जायला हवी; बरेच जण नक्षी वर दिसावी म्हणून उलटी टाकतात. ताडपत्रीच नसेल, नुसतं ओलं गवत असेल, तर खाली जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर सुती सतरंजी आणि सगळ्यात वर मॅट. सतरंजी थेट गवतावर टाकू नका. दहा मिनिटांत पाणी ओढते, जड होते आणि शवासनात पाठ गार पडते.

त्रिकोणासनात पाय घरी साडेतीन फूट फाकवत असाल तर इथे दोन-अडीच फूटच फाकवा. वृक्षासनात तळवा मांडीच्या मुळाशी नेण्याचा हट्ट नको, पोटरीला टेकवला तरी चालतं. गुडघ्याच्या सांध्यावर मात्र तळवा कधीच टेकवू नका, मैदान कोरडं असलं तरी.

---

नवशिकी_ठाणे (२ जून, रात्री १०:३२)

वाचतेय. आईला (वय ६८, गुडघ्यांची झीज) न्यायचं आहे. खुर्चीवर बसून करू देतात का? आणि सोबत काय काय न्यावं?

---

कणा_सरळ (२ जून, रात्री ११:०५)

खुर्चीवर करू देतात आणि करावंच. फक्त आयोजकांच्या खुर्चीवर विसंबू नका. प्लास्टिकच्या हातांच्या खुर्चीचे पाय ओल्या मातीत रुततात, एका बाजूला रुतले की फाकतात आणि मोडतात. बिनहातांची, सरळ पाठीची, लोखंडी पायांची घडीची खुर्ची घ्या. चारही पाय येतील एवढी प्लायवूडची फळी, नाहीतर चार फरशीचे तुकडे खाली ठेवा. जागा रांगेच्या टोकाला घ्या, म्हणजे मध्येच थांबून बाहेर पडता येतं.

खुर्चीवर काय जमतं: शिथिलीकरण सगळं, ताडासनाचे हात, बसल्या बसल्या वक्रासन (एका हाताने खुर्चीची पाठ धरून), एकेक पाय सरळ उचलणं हे उत्तानपादासनाच्या जागी, आणि प्राणायाम पूर्ण. पादहस्तासनात खाली वाकण्याऐवजी हात मांडीवरून गुडघ्यापर्यंत सरकवले की पुरे.

जे खाली बसतात पण गुडघे कुरकुरतात, त्यांच्यासाठी: वज्रासनात पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये घडी केलेली चादर, घोट्यांच्या खाली पंचा. तरीही दुखलं तर पाय पुढे पसरून बसा, कुणी नावं ठेवत नाही. घोट्याला दुखापत किंवा मूळव्याध असेल तर वज्रासन गाळाच.

बाकी आपापल्या दुखण्याप्रमाणे. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, पादहस्तासन अर्ध्यावरच थांबवा. हर्निया असेल, किंवा पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने झाले नसतील, तर भुजंगासन, शलभासन, उष्ट्रासन नाही. कंबर दुखत असेल तर उत्तानपादासनात दोन्ही पाय एकदम उचलू नका, एकेक उचला. निवेदक ‘तीस अंश’ म्हणतो ती सगळ्यात अवघड जागा आहे, सोपी नव्हे. पाय जितके जमिनीच्या जवळ तितका कंबरेवर भार जास्त. गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानावरचा सरसकट क्रम करू नये.

---

भोंगा (३ जून, सकाळी ७:२०)

ध्वनियंत्रणेबद्दल कुणीच बोलत नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटरवर बसलात तर ‘श्वास घ्या’ हे तुम्हाला पाव सेकंदापेक्षा जरा उशिरा ऐकू येतं. ते चालून जातं. पण मधे ३० मीटरवर दुसरी भोंग्यांची रांग लावलेली असते आणि तिला विलंब दिलेला नसतो. मग प्रत्येक शब्द दोनदा येतो, मागच्यांना ‘उजवा’ की ‘डावा’ तेच कळत नाही. आयोजकांपैकी कुणी वाचत असेल तर ध्वनिवाल्याला सांगा की प्रत्येक ३० मीटरला साधारण ९० मिलीसेकंद विलंब ठेव. मिक्सरवर दोन मिनिटांचं काम आहे.

जाणाऱ्यांनी काय करायचं? भोंग्याच्या खांबाच्या अगदी समोर बसू नका (ध्यानात कान किटतात) आणि दोन खांबांच्या बरोब्बर मधेही नको. खांबापासून दहा-पंधरा मीटर तिरकं बसलं की स्वच्छ ऐकू येतं.

आणि मंचावरचा प्रात्यक्षिक दाखवणारा तुमच्याकडे तोंड करून असतो. चांगला असेल तर तो आरशासारखं करतो: ‘उजवा’ म्हणतो आणि स्वतःचा डावा उचलतो. सगळे तसं करत नाहीत. म्हणून कान धरा, डोळे नको.

---

फूटपट्टी (३ जून, सकाळी ८:०२)

भोंगा, +१. त्यातच जागेचा हिशेब घाला.

नेहमीची मॅट १७३ सेंमी लांब आणि ६१ सेंमी रुंद, म्हणजे पावणेसहा फूट बाय दोन फूट. पण दोन्ही हात आडवे पसरले की माणूस आपल्या उंचीएवढा रुंद होतो. त्यामुळे माणशी कमीत कमी ७ फूट बाय ५ फूट लागतात, ३५ चौरस फूट. फुटबॉलचं पूर्ण मैदान साधारण ७५ हजार चौरस फुटांचं. त्यात वाटा न सोडताही जेमतेम दोन हजार लोक मावतात. जाहिरातीत तेवढ्याच मैदानावर ‘पाच हजार साधक’ लिहिलं असेल तर त्रिकोणासनात शेजाऱ्याची बोटं तुमच्या डोळ्यात जाणार हे धरून चाला.

रांगा विटांच्या बांधकामासारख्या सरकत्या ठेवल्या (मागचा माणूस पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत) तर मंचही दिसतो आणि हातही लागत नाहीत. स्वयंसेवक चुन्याच्या सरळ रेघा मारून ठेवतात. तुम्ही अर्धी मॅट सरकवून बसलात तर मागचे आपोआप तसेच बसत जातात.

दिल्लीत तेव्हाच्या राजपथावर २०१५ ला पहिल्या योगदिनी ३५,९८५ जण बसले होते. तिथे रुंद, सपाट, लांबच लांब रस्ता होता. तालुक्याच्या क्रीडासंकुलात तो नमुना उतरवायला जाऊ नये.

---

वैदर्भीय (३ जून, सकाळी ९:१५)

तुमचं सगळं पुण्या-मुंबईच्या पावसावर चाललंय. नागपुरात २१ जूनला पाऊस आलेला असेलच असं नाही. लांबला असेल तर सकाळी सातलाच अंगातून धारा लागतात. सूर्योदयही तिकडच्यापेक्षा जवळपास अर्धा तास आधी, साडेपाचच्या सुमारास. कार्यक्रम साडेसहाचा म्हणजे आमच्याकडे ऊन वर आलेलं असतं. पूर्वेकडे पाठ होईल अशी किंवा झाडाच्या सावलीची बाजू पकडा. मंच पूर्वेला असेल तर डोळ्यांवर थेट तिरीप येते.

दमट हवेत घाम वाळत नाही, तळहात घसरतात. छोटा नॅपकिन मॅटच्या डोक्याशी ठेवा. डासांचं मलम घोट्याला आणि मानेला लावा, तळहाताला नाही. भुजंगासनात हात पुढे सटकले की हनुवटी जमिनीवर आपटते.

---

शेवटची_रांग (३ जून, दुपारी १:४०)

वेळेबद्दल. पत्रिकेवर ६:३० असेल तर ६:०० ला आत असा. पाहुणे मोठे असतील तर सुरक्षेसाठी फाटक आधीच बंद होतं आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावतात. अशा ठिकाणी निघण्याआधी अर्धा तास पाणी पिऊन घ्या, नंतर स्वच्छतागृह शोधत फिरावं लागत नाही.

भाषणं होणारच, त्यावर उगाच चिडू नका. पण एक गोष्ट खरंच खटकते: आधी शिथिलीकरण करून घेतात आणि मग पाहुणे आले म्हणून वीस मिनिटं सत्कार. अंग पुन्हा थंड होतं आणि लगेच पादहस्तासन. असं झालं तर सत्कार चालू असताना उभ्या उभ्या घोटे, गुडघे, खांदे फिरवत राहा, टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुणेकरांसाठी: वारीची तारीख आधी बघा. २०२५ ला दोन्ही पालख्या २० जूनला पुण्यात आल्या आणि २१ ला मुक्कामाला होत्या. त्या काळात मध्यवस्तीतले बरेच रस्ते बंद असतात. तशा वर्षी गाडी घेऊन दुसऱ्या टोकाच्या मैदानावर जाण्यापेक्षा आपल्या प्रभागातला कार्यक्रम बरा. अधिक महिना येऊन गेलेला असला की वारी जुलैत सरकते, तेव्हा ही अडचण नाही.

---

टीशर्ट_मोफत (३ जून, दुपारी २:१०)

कपड्यांचं राहिलं. वाटलेला टीशर्ट नेहमी दोन मापं मोठा असतो. पादहस्तासनात तो तोंडावर येतो आणि पवनमुक्तासनात पाठीवर सरकतो, म्हणून आत खोचा. पांढरी पॅन्ट पावसात आरपार दिसते, गडद रंगाची घाला. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या घरी. भुजंगासनात मनगट दुमडलं की घड्याळाचा पट्टा रुततो. चष्मा आणि मोबाइल झिपच्या प्लास्टिक पिशवीत, ती बुटात. बूट दोरीने एकमेकांना बांधून पिशवीत घाला आणि मॅटच्या डोक्याशी ठेवा. प्रवेशद्वारापाशी काढलेल्या दीड हजार जोडांतून आपला शोधणं हा वेगळाच योग आहे.

छत्री नको, मागच्यांना मंच दिसत नाही. रेनकोट आणि कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी पुरते. पाऊस वाढला की मॅट सोडून बाकी सगळं त्यात.

---

प्राणायामी (३ जून, सायंकाळी ६:३०)

कपालभातीबद्दल थोडा वाद घालतो. मैदानावर निवेदक ठेका धरतो, लोक त्याच्याशी शर्यत लावतात आणि पोटाऐवजी खांदे हलवतात. कपालभातीत रेचक (श्वास सोडणं) जोरात, पोट आत खेचून. पूरक (श्वास घेणं) आपोआप होऊ द्यायचा. २० ठोके, मग नेहमीचा श्वास, अशा दोन-तीन फेऱ्या सावकाश. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच थांबा, श्वास गरजेपेक्षा जास्त चाललाय. हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट येणं, हर्निया, पोटातला व्रण, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर तेवढा वेळ नुसतं बसा.

आणि भर पावसात, गार वाऱ्यात शीतली कशासाठी? सर्दी, खोकला किंवा टॉन्सिल असतील तर ती मुळात वर्ज्यच. माझ्या मते पाऊस चालू असेल तर आयोजकांनी शीतली गाळून भ्रामरी दोन फेऱ्या जास्त घ्यावी.

---

दंडस्थिती (३ जून, सायंकाळी ७:०५)

@प्राणायामी, शीतलीबद्दल सहमत नाही. विदर्भ-मराठवाड्यात त्याच दिवशी तीच शीतली हवीहवीशी वाटते. अभ्यासक्रम सगळ्यांसाठी एक आहे म्हणून तो तसाच होणार. ज्याला नको त्याने त्या वेळी साधा दीर्घ श्वास घ्यावा, क्रम बिघडत नाही. कपालभातीचं मात्र तंतोतंत.

---

गोड_कमी (३ जून, रात्री ८:२०)

खाण्याचं कुणी लिहिलं नाही. रिकाम्या पोटी जायचं, पण कोरड्या पोटी नाही. निघण्यापूर्वी कपभर कोमट पाणी. भूक सहन होत नसेल तर पाऊण तास आधी अर्धं केळं. चहा-बिस्किट खाऊन आलेले पवनमुक्तासनात ढेकर देतात.

मधुमेहींनी लक्ष द्या: सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी दीड-दोन तास मैदानावर राहू नका. वेळ कशी बदलायची ते आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेची पुडी ठेवा, तीन-चार छोटे चमचे. हातपाय थरथरले, घाम फुटला की लगेच तोंडात टाका आणि शेजाऱ्याला सांगा. चिक्कीपेक्षा साखर बरी, लवकर रक्तात उतरते.

---

एडिसनवाले (४ जून, पहाटे ५:१०)

न्यू जर्सीतून. इथे मंडळं आणि देवळं जवळच्या शनिवार-रविवारी बागेत कार्यक्रम ठेवतात. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये तर २००३ पासून उन्हाळी अयनाच्या दिवशी भर चौकात योगवर्ग होतात, म्हणजे योगदिनाच्या बारा वर्षं आधीपासून. नावनोंदणी आधी करावी लागते.

इकडच्या अडचणी वेगळ्या. चिखल नाही, पण उंच गवतात आणि झुडपांच्या कडेला गोचीड असतात, त्यांच्यापासून लाइम रोग होतो. मॅट कापलेल्या गवताच्या मधोमध टाका आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. दुपारचं सत्र असेल तर डांबरावर मॅट इतकी तापते की हात टेकवत नाही, खाली जाड रग लागतोच.

---

विजेची_तार (४ जून, सकाळी ८:४५)

पावसापेक्षा विजेची काळजी घ्या. गडगडाट ऐकू आला की कार्यक्रम थांबवायलाच हवा, मग आसन कुठलंही चालू असो. पक्क्या इमारतीत किंवा बंद चारचाकीत जा. एकट्या झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकून उभं राहू नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावरच परत मैदानात. मंडपाच्या कापडावर पाण्याची झोळी झालेली दिसली तर तिच्याखाली बसू नका, आणि ती काठीने खालून ढोसू नका. जनरेटरच्या तारा ओल्या गवतातून गेल्या असतील तर त्या बाजूची जागाच सोडा.

मुंबई-ठाण्यात आणखी एक: पायाला चीर किंवा जखम असेल तर चिखलाच्या मैदानावर अनवाणी उतरू नका. उंदरांच्या मुतापासून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो आणि साचलेल्या पाण्यात जखमेवाटे शिरतो. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. तरी पाण्यात पाय पडलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप येण्याची वाट बघू नका.

---

सूर्यनमस्कार_१०८ (४ जून, सकाळी ११:३०)

विषयाला धरून एक फाटा. ज्यांना सामूहिक अभ्यास आवडतो पण चिखल नको, त्यांनी रथसप्तमी धरावी. जानेवारी-फेब्रुवारीतलं कोरडं मैदान, गार हवा, बऱ्याच गावांत सामूहिक सूर्यनमस्कार. १०८ घालणार असाल तर २० सेकंदाला एक या गतीने नुसतेच ३६ मिनिटं लागतात, मधल्या विश्रांतीसकट तास धरा. रोज १२ घालणाऱ्याने एकदम १०८ च्या मागे लागू नये, दुसऱ्या दिवशी मनगटं आणि मांड्यांच्या मागचे स्नायू बोलतात. सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला १२-१२ वाढवत ८४ पर्यंत आलात तर शेवटचे दोन डझन निभावतात.

---

नवशिकी_ठाणे (४ जून, दुपारी १२:१५)

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. खुर्ची आणि फळी ठरली. एक राहिलं: शवासनानंतर आईला उठवायचं कसं? आणि चिखल लागलेली मॅट घरी कशी धुवायची?

---

कणा_सरळ (४ जून, दुपारी १२:५०)

आई खुर्चीवर असतील तर शवासनात पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, हात मांडीवर, पाठ मागे टेकलेली. संपल्यावर डोळे आधी उघडा, बोटं हलवा, दोन श्वास थांबा, मग उभं राहा. खाली झोपणाऱ्यांनी डाव्या कुशीवर वळून, उजव्या हाताने जमीन रेटून बसावं. पाठीवरून थेट उठून बसलं की रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हमखास गरगरतं. कार्यक्रम संपून गर्दी उठायला लागली तरी घाई नको, फाटकाशी तसाही पंधरा मिनिटं खोळंबा असतो.

---

ताडपत्रीवाला (४ जून, दुपारी १:२०)

मॅट: गुंडाळण्याआधी मैदानावरच पंच्याने जाडसर चिखल पुसा, नाहीतर तो आतल्या बाजूला लागतो. घरी अर्धी बादली पाण्यात कपडे धुण्याच्या द्रावणाचे चार-पाच थेंब, मऊ फडक्याने दोन्ही बाजू, मग साधं पाणी. जास्त साबण घातला तर पुढच्या वेळी मॅट घसरते. वॉशिंग मशीनमध्ये नाही, उन्हातही नाही, दोन्हीने पीव्हीसी तडकते. दांडीवर आडवी टाकून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात ओलसर असतानाच गुंडाळली तर चौथ्या दिवशी काळी बुरशी. सतरंजी मात्र मशीनमध्ये चालते.